लाखनीत कोणता संगणक चालतो?

लाखनीत नवा संगणक घ्यायला निघालेल्या माणसाने प्रोसेसर, रॅम आणि कंपनी यांची चौकशी नंतर करावी. आधी चौकशी करावी बोटाचा ठसा घेणाऱ्या त्या मुठीत मावणाऱ्या यंत्राची. आपले सरकार सेवा केंद्रात, बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात, पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी, जिथे जिथे आधारच्या नावाने बोट टेकवावं लागतं तिथे हे यंत्र यूएसबीच्या वायरीने संगणकाला लटकलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ते मंत्रा किंवा मॉर्फो कंपनीचं असतं. संगणकाशी ते थेट बोलत नाही. मध्ये ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो. ठसा कूटबद्ध करून, त्यावर यंत्राची खूण उमटवून तो पुढे आधारच्या यंत्रणेकडे पाठवायचा, म्हणजे कुणाचा जुना साठवलेला ठसा पुन्हा वापरता येऊ नये, अशी ही रचना. आधीच्या ‘एल-झिरो’ यंत्रांत हे काम संगणकातल्या प्रोग्रॅमकडे होतं, नव्या ‘एल-वन’ यंत्रांत ते यंत्राच्या पोटातच होतं. हा मधला प्रोग्रॅम कंपन्यांनी मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड या दोघांसाठीच केला. त्यामुळे सेवा केंद्र चालवणाऱ्यासमोर मॅक घ्यावा की लिनक्स टाकावा हा प्रश्न उभाच राहत नाही. दीड-दोन लाखांचा मॅक टेबलावर आणून ठेवला, तरी बोट टेकवायला आलेल्या आजीचं काम त्यावर होणार नाही.

शहरातल्या गप्पांत संगणकाची निवड ही आवडीची गोष्ट असते. तालुक्याच्या गावी ती तीन गोष्टी ठरवतात: संगणकाला काय जोडायचं आहे, त्यावर कोणता एक प्रोग्रॅम चाललाच पाहिजे, आणि बंद पडला तर तो कोण उघडणार. या तिन्ही गोष्टींवर घेणाऱ्याचा ताबा जवळपास नसतो. ज्यांचा ताबा असतो ते दूर बसलेले असतात, आणि हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

लाखनी नागपूर-रायपूर महामार्गावरचं गाव, भंडारा ओलांडल्यावर आणि साकोलीच्या अलीकडे. मुलूख धानाचा, तलाव-बोड्यांचा. महामार्गावर उड्डाणपूल झाला, तरी पुलाखालचा बाजार तसाच आहे: कृषी केंद्रं, मोबाइलची दुकानं, झेरॉक्स, लग्नपत्रिका छापणारे, टायपिंग आणि एमएस-सीआयटीचे वर्ग, सेवा केंद्रं. समर्थ महाविद्यालयात आणि आसपासच्या शाळांत शिकणारी मुलं मुरमाडी, पोहरा, पालांदूर, केसलवाडा अशा गावांतून येतात. निकाल लागले की संगणकाच्या दुकानात वडील आणि मुलगी एकत्र येतात, आणि वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो: “पोरीले कॉलेजात पायजे जी, कोणता घ्यावा?” या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि त्या गर्दीत दुकानदाराकडे तो नसतो.

इथे झुंज मॅक आणि विंडोजची कमी, आणि इतर जोड्यांची जास्त. असेम्बल्ड की कंपनीचा. डेस्कटॉप की लॅपटॉप. नवा की नागपूरहून आलेला वापरलेला. अलीकडे यात भर पडली आहे ती विंडोज १० चं काय करायचं या पेचाची. या सगळ्याचं मूळ मात्र एका जुन्या निर्णयात आहे आणि ते समजून घेतलं की आजची बरीच कोडी सुटतात.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. आत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. घाईत काम उरकायचं म्हणून आयबीएमने बहुतेक भाग बाहेरून घेतले, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून घेतली आणि यंत्राची तांत्रिक माहिती पुस्तकात छापून विकायला ठेवली. स्वतःचं म्हणावं असं फक्त बायोस नावाचं छोटं सॉफ्टवेअर राहिलं. कॉम्पॅक कंपनीने तेही मूळ मजकूर न बघता, केवळ त्याचं वागणं तपासून, नव्याने लिहून काढलं. मग फिनिक्स कंपनी तसंच बायोस कुणालाही विकू लागली, आणि जगात कुणीही सुटे भाग जोडून ‘आयबीएम कम्पॅटिबल’ यंत्र बांधू लागला. २४ जानेवारी १९८४ रोजी आलेला ॲपलचा मॅकिंटॉश याच्या अगदी उलट होता. चित्रांनी चालणारा पडदा, माऊस, देखणं रूप, आणि बंद पेटी. त्यात नवं कार्ड खोचायला जागाच ठेवलेली नव्हती.

भारतात आयबीएमने १९७८ मध्ये गाशा गुंडाळला होता. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे नियम सैल झाले आणि मग काही वर्षं महाराष्ट्रात संगणकांच्या जातींची खरी गर्दी होती. मुंबईच्या झेनिथसारख्या कंपन्या आयबीएमच्या धाटणीचे पीसी बांधत होत्या. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून १९८४-८५ पासून निवडक शाळांना ब्रिटनचा बीबीसी मायक्रो मिळाला. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लसची परवान्याची भारतीय आवृत्ती काढली. ती घरच्या टीव्हीला जोडायची, आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून चढवायचा. यातल्या एका यंत्राचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. शाळेत बीबीसीवर शिकलेल्या मुलाला कचेरीतला पीसी परका वाटे. त्यातली टिकून राहिली ती सगळ्यांत देखणी किंवा सगळ्यांत चांगली जात नव्हे. जिचे सुटे भाग कुणालाही विकत मिळत होते, ती टिकली.

लाखनीतला संगणक दुरुस्त करणारा तरुण याच वंशाचा आहे. एसएमपीएस हा वीजपुरवठ्याचा डबा जळला तर त्याला दुसऱ्या कंपनीचा चालतो. रॅमची पट्टी सैल झाली तर तो ती काढून, टोकं पुसून परत बसवतो. भंडाऱ्याहून किंवा नागपूरहून भाग मागवला की दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू. असेम्बल्ड डेस्कटॉपला आजही इथे मान आहे तो यामुळे. एखाद्या राइस मिलच्या हिशेबनिसाला विचारा. धान खरेदीच्या हंगामात दोन दिवस संगणक बंद राहणं त्याला कोणत्याही किमतीत परवडत नाही.

मराठीचीही गोष्ट याच खाचेतून पुढे गेली. पुण्याच्या सी-डॅकचं ‘जिस्ट’ हे कार्ड होतं. मूळ संशोधन आयआयटी कानपूरमधलं. पीसीच्या रिकाम्या खाचेत ते कार्ड खोचलं की काळ्या पडद्याच्या डॉसमध्येही देवनागरी दिसू लागे, आणि तेच प्रोग्रॅम, त्याच माहितीचे तक्ते मराठीत भरता येत. उघडी खाच नसती तर हे असं घडलं नसतं. कचेऱ्यांत मराठी आली ती पीसीवर बसून, म्हणून कचेऱ्यांनी पीसी घेतले, म्हणून कचेरीशी काम पडणाऱ्या प्रत्येकाने पीसी घेतला. निवड अशी एकातून एक होत गेली.

छपाईचं मात्र वेगळं झालं. पानं मांडण्याचा पेजमेकर हा प्रोग्रॅम १९८५ मध्ये आधी मॅकवर जन्मला. लेझर प्रिंटर आणि पेजमेकर या जोडीने टाइपाची खिळेजुळणी संपवली, आणि शहरांतल्या छापखान्यांत व जाहिरात संस्थांत मॅक दाखल झाले. पुढे पेजमेकर विंडोजवर आला, पुण्याच्या मॉड्युलरचं श्रीलिपी आलं, आणि तालुक्यातल्या छापखान्याने स्वस्त पीसीवर तेच काम सुरू केलं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. ती आजही लग्नपत्रिकेच्या दुकानांत चालू असलेली दिसते, सोबत कोरलड्रॉची एखादी जुनी आवृत्ती. कोरलने तर २००१ नंतर मॅकसाठी आवृत्ती काढणंच थांबवलं होतं, ती पुन्हा आणली २०१९ मध्ये. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांचा हंगाम लागतो. गणपतीचं चित्र, ‘आमच्या येथे श्री कृपेकरून’, निमंत्रकांची लांब यादी, हे सगळं वर्षानुवर्षांच्या फायलींत तयार असतं. नावं तेवढी बदलायची.

त्या दुकानदाराला ‘नवा संगणक घ्या’ असं सांगणं सोपं आहे. पण त्याच्या फायली ज्या फॉन्टमध्ये आहेत तो फॉन्ट अक्षरं साठवत नाही, अक्षरांचे तुकडे साठवतो. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काना, वेलांटी, अर्धा श बसवलेला असतो. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, किरण, सी-डॅकचे सुरेखसारखे फॉन्ट, प्रत्येकाची मांडणी निराळी. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. वीस वर्षांची मेहनत अशी एका जुन्या यंत्राला बांधली गेली आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. मुंबईच्या र. कृ. जोशींनी आखलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० सोबत आला आणि युनिकोड मराठी घरोघरच्या पीसीवर पोहोचली. मॅक, लिनक्स, विंडोज, मोबाइल, चारही ठिकाणी तोच मजकूर तसाच दिसतो तो युनिकोडमुळे. तरीही ‘ॲ’ हे आपलं साधं अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ मध्ये. आणि मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचे, म्हणून मराठी डोळ्याला ते खुपत राहिले. छापखानेवाले जुने फॉन्ट सोडत नाहीत, त्याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. पत्रिकेवर अक्षर सुंदर दिसलंच पाहिजे. आता मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’, ‘बालू’ यांसारखे चांगले आणि फुकट फॉन्ट आहेत, तेव्हा नवं काम तरी युनिकोडमध्ये सुरू करावं, असं मी प्रत्येक छापखानेवाल्याला सांगेन. जुन्या यंत्राला हात लावू नये. त्याला फक्त इंटरनेटपासून वेगळं ठेवावं, आणि त्यातल्या फायलींची एक प्रत बाहेर काढून ठेवावी.

प्रिंटरचंही असंच. झेरॉक्सच्या आणि सेवा केंद्राच्या दुकानात दोन प्रिंटर हटकून भेटतात, कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२०. दोन्ही दणकट, दोन्हींच्या टोनरमध्ये पावडर भरून देणारा माणूस गावातच. पण कॅननचा हा प्रिंटर त्याच्या स्वतःच्या खास पद्धतीने बोलतो, आणि एचपीच्या प्रिंटरला तर स्वतःचं सॉफ्टवेअर पोटात साठवायची सोयच नाही. दर वेळी चालू केला की संगणकाने ते त्याच्यात भरायचं. विंडोजवर हे आपोआप होतं. लिनक्सवर खटपट करावी लागते, आजच्या मॅकवर तर कॅननचा जुना ड्रायव्हर मिळवण्यातच दिवस जातो. घरात चालू प्रिंटर असेल, तर संगणक घेण्याआधी त्याच्या पाठीवरचं मॉडेल लिहून घ्यावं आणि दुकानात ते दाखवून विचारावं.

टायपिंगचे वर्ग हा तिसरा खुंटा. पूर्वी टाइपरायटरच्या खडखडाटाने ओळखू येणारे हे वर्ग आता संगणकावर चालतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मराठी ३० आणि ४० शब्दांच्या वेगाला आजही सरकारी नोकरीच्या वाटेवर किंमत आहे. हात बसतो तो रेमिंग्टनच्या जुन्या मांडणीवर. सरकारने प्रमाण मानलेली मांडणी इनस्क्रिप्ट आहे, ती मॅक, लिनक्स, विंडोज सगळ्यांत आयतीच मिळते. रेमिंग्टनची मांडणी मात्र बाहेरून बसवावी लागते, आणि तिची तयार साधनं विंडोजसाठीच मुबलक आहेत. परीक्षा विंडोजवर, म्हणून वर्ग विंडोजवर, म्हणून घरी सरावासाठीही विंडोजच. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि परीक्षा संगणकावर झाली. मोबाइलवरच वाढलेल्या मुलांना परीक्षेच्या केंद्रात माऊस हाती येतो, पडद्यावर घड्याळ उलटं धावत असतं. आठवड्यातून दोन तास जरी माऊस-कीबोर्डवर बसायला मिळाले असते, तरी त्या घड्याळाची भीती कमी झाली असती. महाज्योती संस्था जेईई-नीटची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब्लेट देते. ते अभ्यासाचे व्हिडिओ बघायला उत्तम, पण टॅब्लेट हा संगणकाला पर्याय नव्हे. निबंध लिहिणं, तक्ता भरणं, अर्जाची पीडीएफ हव्या त्या केबीत बसवणं, ही कामं कीबोर्डशिवाय नीट जमत नाहीत.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव होता क्विंटलला २,३६९ रुपये. बरा नवा लॅपटॉप म्हणजे सत्तेचाळीस हजारांच्या घरातला धरला तर वीस क्विंटल धान. पाण्याची सोय असलेल्या एका एकरातही इतकं धान दर वर्षी होईलच असं नाही, आणि त्यात रोवणीची मजुरी, खत, कापणी वजा व्हायची असते. म्हणजे मुलीच्या एका लॅपटॉपमागे एकरभर शेताचा अख्खा हंगाम उभा असतो. हा पैसा चुकीच्या यंत्रात अडकला तर ती चूक पुढची चार वर्षं घरात राहते.

मुलगी वाणिज्य शाखेला असेल तर तिला हिशेबाचं टॅली लागेल, आणि टॅली विंडोजचं. जीएसटी आल्यापासून, १ जुलै २०१७ पासून, राइस मिल, कृषी केंद्र, सराफा यांच्याकडे टॅली जाणणाऱ्याला काम आहे. तिने विंडोजच घ्यावं, यात दुमत नको. कला शाखा आणि स्पर्धा परीक्षा असेल तर नवं यंत्र घेण्याची गरजच नाही, चांगला वापरलेला लॅपटॉप पुरे. अभियांत्रिकीला किंवा बीसीएला असेल तर लिनक्स शिकावंच लागेल, आणि ते कोणत्याही पीसीवर फुकट टाकता येतं. नागपूरला किंवा पुण्याला ॲनिमेशन, चित्रपट संकलन, डिझाइन शिकायला जाणार असेल, तरच मॅकचा विचार करावा.

मॅकबद्दल इथे नीट बोललं पाहिजे, कारण ‘आपल्या कामाचा नाही’ असं म्हणून तो सोडून दिला जातो. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये इंटेल सोडून स्वतःची एम-वन चिप आणली आणि लॅपटॉपची जुनी गणितं बदलली. त्या चिपचा मॅकबुक एअर पंख्याशिवाय चालतो. भंडारा जिल्ह्यातल्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, राइस मिलच्या जवळपास कोंड्याची बारीक धूळ हवेत असते, आणि पंख्याचं यंत्र ही धूळ स्वतःत ओढून घेतं. पंखाच नसलेलं, दिवसभर बॅटरीवर चालणारं यंत्र इथल्या हवेला खरं तर फार योग्य. वीज गेली तरी काम थांबत नाही. पण त्याची रॅम बोर्डावरच जोडलेली, डिस्क बोर्डावरच जोडलेली, पुढे वाढवायची सोय नाही. लाखनीचा तो तरुण ते उघडू शकत नाही, यात त्याच्या कौशल्याचा दोष काहीच नाही. ॲपलचं स्वतःचं पहिलं दुकान भारतात उघडलं ते मुंबईत, १८ एप्रिल २०२३ ला. पुण्यात ४ सप्टेंबर २०२५ ला. लाखनीच्या माणसाला बिघाड झाला तर किमान नागपूर गाठायचं, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून अनेकदा परत यायचं.

ज्या विंडोज लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीऐवजी स्नॅपड्रॅगनची चिप असते, त्यांच्याबाबत एक सावधगिरी. २०२४ च्या जूनपासून ते बाजारात ठळकपणे दिसू लागले, बॅटरी त्यांचीही सुंदर. रोजचे प्रोग्रॅम त्यावर चालतात, कारण विंडोज ते आतल्या आत भाषांतर करून चालवतं. ड्रायव्हरचं असं भाषांतर होत नाही. ठशाचं यंत्र, जुना प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन यांचे ड्रायव्हर त्या चिपसाठी मुद्दाम लिहिलेले नसतील तर ती जोडणी होणारच नाही. दुकानात डब्यावर फक्त ‘विंडोज ११’ वाचून घेणाऱ्याला हे घरी गेल्यावर कळतं.

डेस्कटॉप की लॅपटॉप याचं उत्तर इथली वीज देते. डेस्कटॉपला यूपीएस हवा, साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. वादळी पावसात ओळीवर झाड पडलं तर दहा मिनिटांना अर्थ नाही. विद्यार्थ्यासाठी लॅपटॉपच. दुकानासाठी, सेवा केंद्रासाठी मात्र डेस्कटॉप, कारण तिथे इन्व्हर्टर असतोच आणि कीबोर्ड, माऊस, डिस्क झिजेल तसे एकेक बदलता येतात.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी एका वर्षाची जादा सुरक्षा मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली, पण ती नोंदणी करून घ्यावी लागते आणि आपल्याकडे किती जणांना ते कुणी सांगितलं? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे संगणक धडधाकट असूनही यादीबाहेर गेले. त्यातच २०२५ सरता सरता रॅमचे भाव भडकले, कारण चिप बनवणाऱ्यांनी आपली ताकद एआयच्या मोठमोठ्या संगणक-केंद्रांकडे वळवली. नवं यंत्र महाग झालं आणि जुनं यंत्र बाद ठरवलं गेलं, दोन्ही एकाच वेळी.

म्हणून वापरलेल्या लॅपटॉपचा बाजार वाढतो आहे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बदलतात. ते साफसूफ होऊन नागपूरच्या दुकानांत येतात आणि तिथून भंडारा, लाखनी, साकोलीला. नव्याच्या निम्म्या पैशांत हे लॅपटॉप मिळतात, आणि बांधणी त्या किमतीच्या नव्या यंत्रापेक्षा मजबूत असते. मला ही सर्वांत शहाणी खरेदी वाटते, पण डोळे उघडे ठेवून. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा. डिस्क एसएसडी असावी. बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतःच काढून देतं, तो दुकानदारासमोर काढावा. बायोसला पासवर्ड नसावा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, विंडोज पुन्हा नव्याने टाकून, इंटरनेट जोडून बघावं. काही लॅपटॉप जुन्या कंपनीच्या यादीतून काढलेलेच नसतात. नव्याने चालू केले की ते त्या कंपनीच्या कर्मचाऱ्याचं खातं मागतात आणि पुढे सरकत नाहीत. पैसे देण्याआधी हे दिसलं पाहिजे.

उरतो लिनक्स. त्याच्याबद्दल तालुक्यात समज आहे की तो कॉलेजातल्या हुशार मुलांचा खेळ आहे. प्रत्यक्षात ई-कोर्ट प्रकल्पामुळे जिल्हा आणि तालुका न्यायालयांतले संगणक उबुंटू लिनक्सवर चालतात. खटल्याची तारीख, आदेश, नोंदी हे सगळं त्यावर होतं, आणि तिथले कारकून ते रोज वापरतात. त्याच रस्त्यावरचं सेवा केंद्र मात्र विंडोजशिवाय हलू शकत नाही. दोन्ही शासनाचीच कामं. एका ठिकाणी शासनाने ठरवलं म्हणून स्वस्त आणि मोकळं सॉफ्टवेअर चाललं, दुसऱ्या ठिकाणी ठसा घेणाऱ्या यंत्राच्या कंपनीवर सोडलं म्हणून चाललं नाही. आधारच्या यंत्रांना मान्यता देताना लिनक्ससाठीही आरडी सर्व्हिस द्या, ही एक अट घातली तर सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणाचा खर्च कमी होईल आणि त्याचं जुनं यंत्र अजून पाच वर्षं कामी येईल. ही मागणी अवघड नाही. प्राप्तिकराचं विवरण आधारच्या ओटीपीने पडताळता येतं, आणि त्यासाठी कोणताही ब्राउझर चालतो. पेन्शनधारकांचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. म्हणजे यंत्राला न बांधता सरकारी काम करता येतं हे शासनाने स्वतःच दाखवलेलं आहे. भूमी अभिलेख, धान खरेदीची नोंदणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, यांतलं प्रत्येक पान कुठल्याही संगणकावर उघडेल आणि भरता येईल, याची जबाबदारी ते पान बनवणाऱ्यावर असली पाहिजे. आज ती अर्ज भरणाऱ्यावर आहे.

शाळांमध्ये तर लिनक्स आजच चालू होऊ शकतं, कारण तिथे ना ठशाचं यंत्र लागतं, ना टॅली. आयसीटी योजनेतून आणि नंतर देणगीतून माध्यमिक शाळांना मिळालेले अनेक संगणक विंडोज ७ किंवा १० वर आहेत आणि हार्ड डिस्कच्या संथपणामुळे झाकून ठेवलेले आहेत. केरळने आपल्या सरकारी शाळा वीस वर्षांपूर्वीच लिनक्सकडे वळवल्या. तिथली लाखो मुलं त्यावरच शिकली, आणि परवान्यांचा खर्च वाचला. मराठीत तर पडद्यावरचे मेनूसुद्धा तयार आहेत, पुण्यातल्या भाषांतरकारांनी आणि स्वयंसेवकांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. हार्ड डिस्कच्या जागी लहान एसएसडी बसवायची, पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घ्यायचं, आधी काही न पुसता पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघायचं. कीबोर्ड, आवाज, वायफाय चाललं तर मग टाकायचं. सोबत लिब्रेऑफिस, जिओजिब्रा, स्क्रॅच, आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. समर्थ महाविद्यालयातल्या संगणक शिकणाऱ्या चार मुलांना आणि दुरुस्तीच्या दुकानातल्या एकाला घेऊन एका शाळेची खोली दुपारपर्यंत उभी राहू शकते. पंधरा संगणकांतले बारा चालले तरी पाचवी ते दहावीच्या मुलांना माऊस-कीबोर्ड हाती मिळेल. तालुक्यातल्या शाळांत असे किती संगणक झाकून ठेवलेले आहेत ते आधी मोजावं लागेल, आणि मोजणीचं काम या दिवाळीच्या सुट्टीतच होऊ शकतं.